गेनूभाऊंना न पटलेला नियम

गेनूभाऊंचं गतीच्या पहिल्या नियमाशी वैर आहे. माणसांची वैरं बांधावरून होतात, वाटणीवरून होतात. गेनूभाऊंचे बांध शाबूत आहेत आणि भाऊबंदांशीही त्यांचं बरं आहे. त्यांचं भांडण आहे ते नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकाशी, त्यातल्याही एका पानाशी. ते पान वर्षानुवर्षं मी शिकवत आल्यामुळे भांडण माझ्या घरी येऊन बसलं.

गेनूभाऊ लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याचे. वय सत्तरीच्या आसपास. डोक्याला पांढरी टोपी, अंगात बंडी आणि तिच्यावर बाराही महिने कुठल्याशा कारखान्यात वाटलेलं निळं जर्किन. त्याच्या पाठीवर 'सुरक्षा प्रथम' असं लिहिलेलं आहे. थोडी भातशेती, एक म्हैस, आणि नागफणीच्या सुळक्याकडे जाणाऱ्या वाटेला लागून एक खाचर. शनिवार-रविवारी त्या खाचरात पर्यटकांच्या गाड्या उभ्या राहतात आणि पावसाळ्यात रुतूनही बसतात. मग भाऊ खांदा लावतात. मुलगा चाकणला नोकरीला, तिकडेच बिऱ्हाड. घरी भाऊ आणि त्यांची बायको, एवढीच माणसं.

आणि मी लोणावळ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पहिल्या काही वर्षांत मी गतीचे नियम शिकवताना टेबलावर चढले होते, गोट्या, चेंडू, ढकलगाडी असा सगळा सरंजाम घेऊन वर्गात जात होते. आता नियम मी शिकवत नाही, तोच माझ्या तोंडून बाहेर पडतो. 'वस्तू स्थिर असेल तर स्थिर राहते, गतिमान असेल तर त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते, जोपर्यंत तिच्यावर असंतुलित बाह्य बल कार्य करत नाही.' 'असंतुलित' या शब्दापाशी मागच्या बाकावर कुणीतरी जांभई देतं. अलीकडे त्याच शब्दापाशी मलाही येते.

भाऊंची नि माझी गाठ पडली ती सहलीत. शाळेची सहल नागफणीला नेली होती. वरच्या कातळावर मुलं डबे उघडायला टेकली होती, तेवढ्यात मला कर्तव्याची आठवण झाली. मी एका मुलीचा चेंडू घेतला, आधी गवतावर सोडला, मग कातळावर सोडला. गवतावर तो लगेच थांबला, कातळावर लांबपर्यंत गेला.

"यावरून काय समजतं?" मी विचारलं. यावरून डबे उघडायला उशीर होणार एवढंच मुलांना समजलं होतं. शेवटी मीच सांगितलं, की अजिबात घर्षण नसतं तर चेंडू थांबलाच नसता.

"बाई, तुमी पोरांना खोटं सांगताय," मागून आवाज आला.

निळं जर्किन घातलेला एक म्हातारा दगडावर बसला होता. म्हशीच्या मागं आला असावा, कारण म्हैसही आमच्याकडेच बघत होती.

"खोटं काय त्यात?" मी म्हटलं.

"चालती वस्तू थांबतच न्हाई म्हनताय."

"बाहेरून बल लागलं नाही तर नाही थांबत."

"मग आमची बैलगाडी? बैल सोडलं की गाडी जाग्यावर राहती, का आपली आपन पुन्याला जाती?"

मुलं हसली. त्या सहलीत मुलं विज्ञानाला हसली ती तेवढीच. मी घर्षण समजावलं. चाक, आस, रस्ता, सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते घर्षन कोन लावतं?"

"कुणी लावत नाही. ते असतंच."

"सगळीकडं असतंय?"

"हो, सगळीकडे."

"मग सगळीकडं वस्तू थांबतीच. तुमीच म्हनला."

माझे पाय दुखत होते, खाली बस हॉर्न देत होती. मी म्हटलं, "भाऊ, कधी लोणावळ्याला आलात तर घरी या, नीट समजावून सांगते." हे वाक्य मी पालकांना नेहमी म्हणते. पालक कधी येत नाहीत. गेनूभाऊ पुढच्याच आठवडी बाजाराला आले.

मग ते येतच राहिले. बाजार उरकला, की हातात पिशवी घेऊन आमच्या दारात. दारावर टकटक नाही, बेल नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून खाकरायचं. आमचे हे आतून म्हणायचे, "तुझा विद्यार्थी आलाय," आणि पेपर उचलून आतल्या खोलीत जायचे. मी नुकतीच शाळेतून आलेली असायची. शाळा संपली, की मुलांच्या हजेरीपासून त्यांच्या जेवणापर्यंत सगळं मोबाइलवर भरायचं असतं. ते भरत असतानाच रेंज जाते. पर्यटकांच्या गाड्यांनी गच्च भरलेल्या रस्त्यावरून घरी चालत यायचं. दोन मिनिटं पाय वर करून बसावं म्हटलं, तर समोर स्टुलावर गेनूभाऊ, बशीतला चहा फुंकत.

"बाई, त्या नियमाचा मी लय इचार केला. बसत न्हाई."

मी शेजारच्यांचा कॅरमबोर्ड आणला. पावडर न टाकता स्ट्रायकर सोडला, मग पावडर टाकून सोडला. पावडरीवरून स्ट्रायकर सर्रकन गेला, समोरच्या फळीवर आपटून परत आला.

"बघा, घर्षण कमी झालं तर किती लांब गेला."

"गेला," भाऊ म्हणाले. "पन थांबला का न्हाई ते सांगा."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी बर्फाचं उदाहरण दिलं, सायकलचं दिलं, तेल लावलेल्या ताटाचं दिलं. भाऊ प्रत्येक वेळी मान डोलवायचे, शेवटी बशी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "पन थांबला का न्हाई ते सांगा." तो थांबलेला असायचा. मी काय सांगणार?

एकदा वैतागून मी त्यांना अवकाशात नेलं. तिथे जमीन नाही, हवा नाही. सोडलेलं यान इंजिन बंद करूनही जातच राहतं.

"तितं कोन गेलंय बघाया?"

"यानं गेली आहेत भाऊ. कित्येक वर्षं चालली आहेत."

"आली का परत?"

"ती परत येत नाहीत. पुढेच जातात."

"मग ती थांबली का न्हाई, हे तुमाला लोणावळ्यात बसून काय कळतंय?"

आतल्या खोलीत पेपरामागे हसल्याचा आवाज आला.

घाटातल्या रेल्वेचा दाखला तर त्यांचा हुकमी होता. कर्जतहून चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं लागतात, ती ढकलतात तेव्हा गाडी खंडाळ्याचा चढ चढते. "तितं तुमचा नियम लावा आनि मागची इंजनं काढून घ्या," ते म्हणायचे. "मग बघू गाडी सरळ रेषेत कुटं जाती ती." मी गुरुत्वाकर्षण काढलं, की ते हात वर करायचे. "दर खेपेला तुमी नवीन मानूस आनता. आदी घर्षन आनलं, आता हे."

दुसरा नियम मात्र त्यांना पहिल्या चहालाच पटला. वस्तू जड असेल तर तिला तेवढाच वेग द्यायला जास्त बल लागतं, असं मी सांगितलं. भाऊंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बारक्या गाडीला एकटा पुरतो, मोठीला चार मानसं लागत्यात. ह्याला नियम कशाला पायजे?"

तिसऱ्या नियमाने घरात जरा गडबड झाली. आपण भिंतीला ढकललं, तर भिंतही आपल्याला तेवढ्याच बलाने उलट ढकलते, असं मी म्हणाले. भाऊ भिंतीकडे बराच वेळ बघत बसले.

"भिंतीचं माझं काय वाकडं हाय?"

शब्दांनी होणार नाही हे मला कळून चुकलं होतं. मी यांची टेबलाजवळची चाकांची खुर्ची ओढून आणली, भाऊंना तीत बसवलं, पाय भिंतीला टेकवायला लावले आणि म्हटलं, आता भिंतीला ढकला. भाऊंनी आयुष्यभर रुतलेल्या गाड्यांना लावला तेवढा जोर लावला. खुर्ची मागच्या मागे निघाली, खोली ओलांडून गेली आणि फ्रिजवर धडकली. फ्रिजवरचा रेडिओ खाली आला. आमचे हे पेपर हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले.

भाऊ खुर्चीत तसेच बसले होते, टोपी कानावर आलेली. ती सारखी करत म्हणाले, "ढकललं खरं तिनं."

मला वाटलं जिंकले. त्या दिवशी मी आनंदाने जास्तीचा चहा टाकला. पण भाऊंचं लक्ष चहात नव्हतं.

"बाई, एक इचारू? थांबलेली वस्तू ढकलल्याबिगर चालू करता येती का?"

"नाही. बल लावावं लागतं. ढकला किंवा ओढा."

"हातच लावायचा न्हाई म्हटलं तर?"

"तर ती तशीच राहणार. तेच जडत्व."

"आनि सुटलेली वस्तू आस्ते आस्ते थांबवायची आसंल तर? अंगावर न घेता?"

"भाऊ, कोणती वस्तू?" मी विचारलं.

"अशीच," ते म्हणाले आणि पिशवी उचलली. "मंडळी वाट बघत आसंल."

पुढच्या काही खेपांना त्यांनी हेच फिरवून फिरवून विचारलं. वस्तू उभी आहे, तिचं तोंड पुढे आहे, जायचं तिच्या मनात आहे, पण निघत नाही; काय करायचं? मी म्हटलं, वस्तूच्या मनात काही नसतं. त्यांनी मान हलवली, पण ती 'पटलं' अशी नव्हती. मला वाटलं, म्हातारा आता नियमाचा नवीन कोपरा कुरतडतोय. घरात वह्यांचा ढीग पडला होता, तिमाही परीक्षा डोक्यावर होती. मी ठरलेली उत्तरं दिली आणि दार लावून घेतलं.

मग एका बाजाराला गेनूभाऊ आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. खरं सांगायचं तर मी त्या दोन्ही संध्याकाळी पाय वर करून बसले आणि मला बरं वाटलं. तिसऱ्या खेपेला आमचे हेच म्हणाले, "तुझा विद्यार्थी नापास झाला की काय?" आणि पेपर घेऊन आतल्या खोलीत न जाता बाहेरच बसले.

सरकारला मधूनच काहीतरी मोजावंसं वाटतं, आणि मोजायला मास्तर लागतात. त्या वर्षी कसलंसं घरोघरचं सर्वेक्षण निघालं आणि माझ्या वाट्याला कुरवंडे आलं. पावसाळा सरत आला होता. पाऊस नव्हता, पण धुकं सकाळपासून खाली बसलेलं. मी गळ्यात ओळखपत्र अडकवून, चढावर धापा टाकत, दर घरात तेच तेच विचारत गावातून फिरत होते. घरात माणसं किती, चूल की गॅस, नळ आहे का. लोक उत्तरं देत होते तीही माझ्याचसारखी, कंटाळून.

भाऊंचं घर गावाच्या कडेला. कौलारू, पुढे लांब पडवी, पडवीत शहाबादी फरशी. मी अंगणात शिरले आणि थांबले.

घराच्या दारात एक बाई उभी होती. हौसाबाई, भाऊंची बायको. हिरवं लुगडं, कपाळाला कुंकू, अंगाने वाळलेली. ती उभी होती, पण चित्रासारखी. एक हात चौकटीला, तो थरथरत होता. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही, काहीच नाही. तिच्या पुढ्यात, हात दीड हात अंतरावर, भाऊ फरशीवर उकिडवे बसले होते आणि तिच्या पावलांकडे बघत होते. कुणी काही बोलत नव्हतं. मला वाटलं भांडण झालंय, नको त्या वेळी आले.

"भाऊ," मी हाक मारली.

त्यांनी मागे न बघता हात वर केला. थांबा, असा.

मी थांबले. बराच वेळ तसाच गेला. मग हौसाबाईचं एक पाऊल जमिनीवरून सुटलं, त्याच्यामागे दुसरं, आणि ती निघाली ती एकदम. बारकी बारकी पावलं, भराभर, पुढे झुकत, जणू मागून कुणी लोटतंय. भाऊ उठले, तिच्या पुढे उलट्या पावलांनी धावले आणि पडवीच्या टोकाला बाकड्यापाशी तिला खांद्यांना धरून कसंबसं बसवलं. दोघांनाही दम लागला होता.

"या बाई," भाऊ म्हणाले. "ही आमची मंडळी."

हौसाबाईने माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. मग भाऊंना हळू आवाजात म्हणाली, "कुनाला सांगू नगा म्हटलं व्हतं ना."

"म्या न्हाई सांगितलं. त्या मोजायला आल्यात."

मी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. सर्वेक्षणाचा मोबाइल पिशवीत टाकला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून असेल, पण भाऊ सांगू लागले, आणि हौसाबाई मध्ये मध्ये दुरुस्त्या करत होती.

दोन-तीन वर्षांपूर्वी तिचा हात कापायला लागला. तळेगावच्या दवाखान्यात कंपवात निघाला. गोळ्या चालू झाल्या, हाताला थोडा गुण आला. मग दुखण्याने पाय धरले. चालता चालता मध्येच, बहुतेक दारात नाहीतर वळताना, पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. डोकं म्हणतंय चल, आणि पाय हलत नाहीत.

"येकदा म्या पाठीला हात लावून जरा ढकललं," भाऊ म्हणाले. "म्हटलं गाडीवानी सुटंल. तर सरळ पुढं पडली. मनगट मोडलं."

"पडले म्हंजे म्याच पडले," हौसाबाई म्हणाली. "त्यांनी काय जोरात न्हाई ढकललं."

"पोरानं हाताला धरून ओढलं, तवा बी पडाय लागली. आनि सुटली की थांबत न्हाई. आता बघितलं न्हवं तुमी. मागल्या म्हैन्यात तशीच जाऊन खांबावर आपटली. तवापासनं म्या घर सोडलं न्हाई. बाजार शेजारचे आनत्यात."

मग म्हणाले, "थांबली की सुटत न्हाई, सुटली की थांबत न्हाई. दोनी तुमच्या त्या पुस्तकात हायेत. म्हनून म्या येत व्हतो. म्हटलं नियमच खोटा निगाला, तर काईतरी वाट आसंल."

नियम खोटा नव्हता. आणि त्याचा इथे उपयोगही नव्हता.

"ही चालायला कशी व्हती म्हायतेय का," भाऊ म्हणाले. "डोक्यावर भारा घिऊन लोणावळ्याला निगाली, की माजी बैलगाडी मागं राहायची. बाजारात जाऊन बसायची आनि मला म्हनायची, आलात का."

"बैलच मरतुकडे व्हते," हौसाबाई म्हणाली. तिचा चेहरा हलला नाही, पण ती हसली असावी, कारण भाऊ हसले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, प्राजक्ता नावाची. विज्ञानात ती कायम काठावर पास होत असे, आणि आता फिजिओथेरपीचं शिकून पिंपरीच्या एका दवाखान्यात काम करते. मी तिला तिथूनच फोन लावला. पडवीच्या एका कोपऱ्यात रेंज येत होती. मी सांगू लागले तर तिने मला मध्येच तोडलं. वर्गात तिने असं कधी केलं नव्हतं.

"बाई, ढकलायचं नाही, ओढायचं नाही आणि 'चल चल' म्हणून घाईही करायची नाही. आधी दोन्ही पायांवर नीट उभ्या राहू देत. जमिनीवर आडव्या रेघा ओढा, लांबून दिसतील अशा, एका पावलाच्या अंतरावर. आणि त्यांना सांगा, चालू नका, फक्त रेघ ओलांडा. पुष्कळांना त्याने पाऊल सुटतं. सगळ्यांना नाही सुटत. कुणीतरी जवळ राहा. आणि त्यांना एकदा इकडे घेऊन या, मी बघते."

"रेघेने काय होतं पण?" मी विचारलं.

"ते मी तुम्हाला सावकाश समजावून सांगेन," ती म्हणाली.

मी सांगितलं तसे भाऊ रेघा ओढायला आतून चुलीतली राख घेऊन आले.

"घरापुढं राख कशापायी?" हौसाबाईने विचारलं. "रांगोळी हाय ना फळीवर. ती घ्या."

गेनूभाऊंनी जन्मात रांगोळी हातात धरली नसेल. ते गुडघ्यावर बसले आणि मुठीने पेरल्यासारखी ओढत सुटले. रेघ इकडे जाड, तिकडे बारीक, मध्येच गायब. बाकड्यावरून सूचना चालू होत्या. "चिमटीत धरा. अवो, चिमटीत. आसं सांडत्यात व्हय?" निळ्या जर्किनाची बाही पांढरी झाली. दारापासून बाकड्यापर्यंत रेघा झाल्या तेव्हा भाऊ कमरेवर हात ठेवून उठले आणि त्यांनी समाधानाने मागे वळून पाहिलं.

हौसाबाई रेघांकडे बघत होती.

"येवढी लांब ढांग आता न्हाई पडत माजी," ती म्हणाली.

रेघा खरंच लांब लांब होत्या. भारा घेऊन बैलगाडीच्या पुढे जाणाऱ्या बाईच्या पावलाच्या. भाऊ पुन्हा खाली बसले, ओल्या फडक्याने एकेक रेघ पुसली आणि कमी अंतरावर ओढायला घेतल्या. या वेळी ते मध्ये मध्ये थांबून तिच्या पायांकडे बघत होते. मी फडकं घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई."

आम्ही दोघांनी तिला आधार देऊन दारात नेलं. तिथे ती पुन्हा चिकटली. हात चौकटीला, नजर समोर. भाऊ बाजूला झाले.

"चालू नगं," ते म्हणाले. "रेघ वलांड निस्ती."

काही झालं नाही. बाहेर धुक्यात कुठेतरी पर्यटकांची गाडी चढावर घरघरत होती. भाऊंचे ओठ हलत होते. हौसाबाईने मान खाली घातली, पहिल्या रेघेकडे पाहिलं, आणि उजवा पाय उचलला. वर, चांगला वर, पाणी साचलेल्या जागेवरून टाकावा तसा. रेघेपलीकडे टेकला. मग डावा. मग पुन्हा उजवा. घाईची ती बारकी पावलं नव्हती. एकेक पाऊल वेगळं होतं.

"आलं," भाऊ म्हणाले. एवढंच.

शेवटच्या दोन-तीन रेघांवर मात्र तिचा वेग वाढायला लागला. पावलं बारीक झाली, अंग पुढे झुकलं. भाऊ बाकड्यापुढे जाऊन पाय रोवून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. तेवढ्यात त्यांना मी तिथे असल्याचं आठवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वयाच्या माणसाच्या चेहऱ्यावर मी लाज क्वचितच पाहिली असेल.

"बाई," ते म्हणाले, "तुमी जरा नागफणीकडं बघा."

मी वळून पडवीच्या कडेला आले आणि नागफणीकडे तोंड करून उभी राहिले. मागे पावलं जवळ आली आणि थांबली. लुगड्याचा सरसर आवाज झाला, मग कसलाच नाही. सुळका धुक्यात पार बुडालेला होता, काहीच दिसत नव्हतं. तरी मी बराच वेळ तिकडेच बघत राहिले.